पाण्यात उतरण्याआधी लांब केसांसाठी दहा मिनिटे

लांब केसांच्या स्त्रिया सुट्टीत समुद्रावर किंवा जलतरण तलावावर गेल्या की बहुतेक वेळा दोनच पर्याय निवडतात. एकतर केस भिजू नयेत म्हणून त्या काठावर बसून राहतात, नाहीतर मनसोक्त पोहून परत येतात आणि मग राठ झालेल्या, गुंतलेल्या केसांवर महागडी उत्पादने थापत बसतात. मी स्वतः कमरेखाली येणारे केस सांभाळते आणि पोहणे मला अतिशय प्रिय आहे, त्यामुळे या दोन्ही पर्यायांविषयी मला मनापासून वाईट वाटते. पाण्यातून बाहेर आल्यावर घेतलेल्या काळजीपेक्षा पाण्यात उतरण्याआधी घेतलेली दहा मिनिटांची काळजी केसांना कितीतरी अधिक वाचवते, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण केसाच्या वयात आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे 75 सेंटीमीटर लांबीच्या केसाचे टोक किमान पाच वर्षांचे असते. पाच वर्षांचे धुणे, विंचरणे, ऊन आणि उशीवरचे घासणे त्याने सोसलेले असते. शिवाय त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्यामुळे त्याची झीज आतून कधीही भरून निघत नाही. कंडिशनरने किंवा तेलाने केस मऊ लागतो, चमकतो, पण तुटलेला भाग जोडला जात नाही. आखूड केसांच्या माणसाचे सुट्टीत झालेले नुकसान काही महिन्यांत कापून जाते. लांब केसांच्या बाबतीत तेच नुकसान वर्षानुवर्षे सोबत राहते.

केसाच्या बाहेरच्या बाजूला अतिशय पातळ खवल्यांचे थर असतात आणि ते छपरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक, मुळाकडून टोकाच्या दिशेने बसवलेले असतात. या खवल्यांवर एक नैसर्गिक स्निग्ध थर असतो, जो पाणी थोडेफार दूर ठेवतो आणि केसावरून केस सरकू देतो. केस पूर्ण भिजला की तो आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषून घेतो आणि जाडीला साधारण 15 टक्क्यांनी फुगतो, मात्र त्याची लांबी जेमतेम वाढते. आतला भाग फुगल्यामुळे खवले किंचित उचलले जातात. त्याच वेळी केसातील प्रथिनांना बांधून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्यामुळे सुटतात, म्हणून ओला केस सहज ताणला जातो आणि थोड्याशा ओढीनेही इजा पावतो. पोहताना आपण नेमक्या याच अवस्थेतले केस तासभर पाण्यात हलवत, एकमेकांवर घासत ठेवतो.

तलावाच्या पाण्याची भीती सगळ्यांनाच वाटते आणि ती अगदी निराधार नाही. जंतुनाशक म्हणून मिसळलेला क्लोरीन केसावरचा स्निग्ध थर काढून टाकतो आणि प्रथिनांमधील गंधकाच्या बंधांवरही परिणाम करतो. तलावाचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते दाखवणारा आकडा; 7 च्या खाली आम्लधर्मी) साधारणपणे 7.2 ते 7.8 च्या दरम्यान ठेवला जातो, तर केस किंचित आम्लधर्मी वातावरणात सर्वांत गुळगुळीत राहतो. रोज सराव करणाऱ्या जलतरणपटूंच्या केसांवर हे परिणाम स्पष्ट दिसतात. मात्र आठवडाभराच्या सुट्टीपुरता विचार केला, तर निरोगी, रंग न लावलेल्या केसांचे सर्वाधिक नुकसान क्लोरीनमुळे होत नाही, तर गुंत्यामुळे आणि तो गुंता घाईने सोडवल्यामुळे होते, असे मला वाटते. मोकळे सोडलेले लांब केस पाण्यात पसरतात, एकमेकांत अडकतात, बाहेर आल्यावर त्यांची जट होते आणि मग फणी वरून खाली ओढली जाते. त्या पाच मिनिटांत जेवढे केस तुटतात, तेवढे तासभराच्या क्लोरीननेही तुटत नाहीत.

समुद्राचे गणित थोडे वेगळे आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. हे पाणी केसात असेपर्यंत फारसा त्रास देत नाही, पण ते वाळले की क्षारांचे बारीक स्फटिक केसांवर आणि केसांच्या मधल्या जागेत उरतात, केस राठ होतात आणि प्रत्येक हालचालीबरोबर एकमेकांना घासू लागतात. त्यात ऊन असतेच. अतिनील किरणांपैकी एक प्रकार केसातील प्रथिने दुबळी करतो आणि दुसरा मुख्यतः रंग उडवतो. म्हणजे समुद्रात पोहण्यापेक्षा, पोहून आल्यावर खारट केस वाऱ्यावर मोकळे सोडून तासन्तास उन्हात बसणे अधिक घातक आहे. छायाचित्रात ते दृश्य कितीही सुंदर दिसत असले, तरी लांब केसांसाठी मी ते अजिबात सुचवणार नाही.

आता त्या दहा मिनिटांविषयी. सर्वप्रथम केस कोरडे असतानाच पूर्ण विंचरून त्यातला बारीकसारीक गुंता काढावा, कारण कोरड्या केसात राहिलेली एक छोटी गाठ पाण्यात मोठी होते. त्यानंतर केसांच्या लांबीला, विशेषतः खालच्या अर्ध्या भागाला, थोडे खोबरेल तेल लावावे. शक्य असल्यास हे तेल आदल्या रात्रीच लावलेले बरे, कारण ते आत शिरायला वेळ लागतो. खोबरेल तेलाचा आग्रह मी केवळ सवयीपोटी धरत नाही. त्यातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ साखळीचे असल्यामुळे ते केसाच्या आतपर्यंत पोहोचतात आणि केसाचे फुगणे कमी करतात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली गेली होती आणि धुताना केसातून होणारी प्रथिनांची गळती केवळ खोबरेल तेलाने लक्षणीय कमी झाल्याचे त्यात आढळले होते. इतर तेले वरून वंगण म्हणून उपयोगी पडतात आणि गुंता कमी करतात, एवढेच त्यांच्याबद्दल म्हणता येईल.

तेलानंतर केस साध्या, गोड्या पाण्याने नळाखाली किंवा शॉवरखाली पूर्ण भिजवावेत. ही पायरी अनेकजणी गाळतात, कारण भिजायलाच जायचे असताना आधी भिजण्यात काय अर्थ, असे त्यांना वाटते. पण केसाची पाणी शोषण्याची क्षमता मर्यादित असते, आणि ती गोड्या पाण्याने आधीच भरून गेली असेल, तर तलावाचे किंवा समुद्राचे पाणी आत शिरायला कमी वाव मिळतो. दुसरा फायदा सर्वांचा आहे: अंगावरचा घाम धुऊन तलावात उतरले की क्लोरीनची घामाशी होणारी प्रक्रिया कमी होते आणि डोळे चुरचुरवणारी, नाकात भरणारी संयुगे कमी तयार होतात. भिजलेल्या केसांना मग धुऊन न टाकायचे कंडिशनर, किंवा तेही नसेल तर साधेच कंडिशनर पातळसर लावावे. इथे एक विनंती आहे. तेल आणि कंडिशनर केसांपुरतेच असावे, पाण्यावर तवंग येईल इतके नको. तलावात उतरायचे असेल तर तेलाचे प्रमाण अगदी कमी ठेवावे आणि वरून टोपी घालावीच, कारण ते पाणी इतरांचेही असते.

यानंतर वेणी. केस कितीही सरळ आणि मऊ असोत, लांब केसांनी मोकळे पोहू नये. माझी पसंती दोन तिपेडी वेण्यांना आहे, कारण एका जाड शेपट्यापेक्षा दोन बारीक वेण्या टोपीखाली सपाट बसतात, लवकर धुतल्या जातात आणि लवकर वाळतात. कपाळाजवळ आणि कानशिलांवर केस घट्ट ओढू नयेत, कारण ओल्या केसांवरचा ताण थेट मुळांवर येतो. पुढे मात्र पेड नीट आवळून घालावेत, नाहीतर पाण्याच्या हालचालीने वेणी सैल होऊन तिच्या आतच गुंता तयार होतो. बांधायला कापडी किंवा गुळगुळीत रबर घ्यावे. धातूचा जोड असलेले बारीक रबर ओल्या केसांत रुतते आणि काढताना केस घेऊनच बाहेर येते. केस गुडघ्यांच्या आसपास पोहोचत असतील, तर वेणीला मध्येही एकदा सैलसर बांधावे.

पोहण्याच्या टोपीबद्दल मोठा गैरसमज आहे. टोपीने केस कोरडे राहतील अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांचा पहिल्याच डुबकीत भ्रमनिरास होतो आणि मग त्या टोपीच सोडून देतात. टोपीत पाणी शिरतेच. पण आत शिरलेले थोडे पाणी तिथेच राहते, सतत नवे क्लोरीनयुक्त पाणी केसांवरून वाहत नाही, केस हलत नाहीत आणि ऊन लागत नाही. हे तीन फायदे कोरडेपणापेक्षा मोलाचे आहेत. लांब केसांसाठी सिलिकॉनची, मागे अधिक जागा असलेली टोपी घ्यावी. लॅटेक्सची टोपी स्वस्त असते, पण ती केसांना चिकटून ओढते आणि तेलामुळे खराब होते. काहींना लॅटेक्सची ॲलर्जीही असते. कापडी, ताणल्या जाणाऱ्या टोप्यांमधून पाणी सहज आरपार जाते, तरीही गुंता टाळण्यासाठी समुद्रात त्या मला सोयीच्या वाटतात. टोपी घालताना वेण्या डोक्यामागे पसरट अंबाड्यासारख्या गुंडाळाव्यात, टोपी कपाळावर टेकवून दोन्ही हातांनी मागे ओढावी आणि अंबाडा अलगद आत घ्यावा. अंबाडा उंच आणि टणक असला की टोपी हळूहळू वर सरकते.

केस बांधण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते सौंदर्याशी संबंधित नाही. तलावाच्या आणि गरम पाण्याच्या छोट्या कुंडांच्या तळाशी किंवा बाजूला पाणी खेचून घेणाऱ्या जाळ्या असतात. जाळी तुटलेली किंवा सैल असेल, तर मोकळे लांब केस त्यात ओढले जाऊन गुंततात आणि माणूस पाण्याखाली अडकू शकतो. लांब केसांच्या मुलींना या जाळ्यांपासून दूर राहायला आवर्जून शिकवावे आणि टोपीशिवाय कुंडात उतरू देऊ नये.

बाहेर आल्यावर वेळ दवडू नये. वेणी न सोडताच ती गोड्या पाण्याखाली धरून दाबत दाबत धुवावी, मग सोडून पुन्हा भरपूर पाण्याने खळबळून काढावी. दिवसातून दोनदा पोहणे झाले तर दोनदा शाम्पू करण्याची गरज नाही. दुपारी नुसते पाणी आणि कंडिशनर, आणि संध्याकाळी डोक्याच्या त्वचेपुरता सौम्य शाम्पू पुरेसा असतो. धुतल्यानंतरही क्लोरीनचा वास रेंगाळत असेल, तर एस्कॉर्बिक आम्ल म्हणजे जीवनसत्त्व क जरूर वापरून पाहावे. त्याची थोडी पूड पाण्यात विरघळवून ते पाणी केसांवर फवारले की उरलेला क्लोरीन निष्प्रभ होतो. हे पाणी प्रत्येक वेळी ताजे करावे आणि दोन मिनिटांनी धुऊन टाकावे.

गुंता सोडवताना घाई करायची नाही, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. कंडिशनर केसांत असतानाच आधी बोटांनी मोठ्या बटा वेगळ्या कराव्यात, मग रुंद दातांच्या फणीने टोकापासून सुरुवात करून वीतभर वीतभर वर सरकावे. बटेचा वरचा भाग दुसऱ्या हातात धरला, तर ओढ मुळांपर्यंत पोहोचत नाही. कुरळ्या केसांसाठी हीच वेळ विंचरण्याची असते. वाळल्यावर त्यांना फणी लावूच नये. टॉवेलने केस चोळणे आणि पिळणे टाळून जुन्या सुती कपड्याने दाबून पाणी टिपावे, आणि सावलीत वाळू द्यावे. ओली वेणी तशीच ठेवून झोपल्यास डोक्याची त्वचा रात्रभर दमट राहते आणि खाज किंवा कोंडा वाढू शकतो, म्हणून संध्याकाळचे पोहणे थोडे लवकर आटोपावे.

केस रंगवलेले, ब्लीच केलेले किंवा रसायनांनी सरळ केलेले असतील, तर वरील सर्व काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण त्यांचा स्निग्ध थर आधीच गेलेला असतो. प्रवासाच्या तोंडावर असे काही करून घेऊ नये. ते सुट्टीनंतरच करावे. हिरवट झाक हा प्रकारही मुख्यतः अशा फिकट केसांत आणि पांढऱ्या केसांत दिसतो. त्याचा दोष क्लोरीनला दिला जातो, पण खरे कारण तांबे आहे. शेवाळनाशकांतून किंवा नळ्यांमधून पाण्यात आलेले तांबे झिजलेल्या केसाला चिकटते. साध्या शाम्पूने ते निघत नाही. धातू बांधून ठेवणारे ईडीटीएसारखे घटक असलेला शाम्पू त्यासाठी लागतो.

असा शाम्पू किंवा खोलवर स्वच्छ करणारा कोणताही शाम्पू परत आल्यावर एकदाच वापरावा, कारण तो केस कोरडे करतो, आणि त्यानंतर दाट कंडिशनर वीस मिनिटे ठेवावे. मग केस पूर्ण वाळल्यावर भरपूर उजेडात एकेक बट बोटांवर घेऊन टोके पाहावीत. जी टोके दुतोंडी झाली असतील, ती फाटलेल्या जागेच्या थोडी वर, धारदार कात्रीने त्याच दिवशी कापून टाकावीत, कारण तशीच ठेवली तर ती फाट वर चढत जाते आणि पुढे सेंटीमीटरऐवजी वीतभर केस कापावे लागतात.