बिलात पीएफ ०.९९, तरी केबल गरम

जिनिंगच्या ऐन हंगामात विदर्भातल्या एका कारखान्यात ब्लोअरची केबल हात ठेवू देईना. ७५ एचपीची मोटर, मेन पॅनलपासून १८० मीटर लांब. ३५ चौरस मिमीची ॲल्युमिनियम केबल खच्चून भरलेल्या ट्रेमधून आलेली, वर कापसाच्या तंतूंचा बोटभर थर. आग लागायला एवढं पुरतं. आधी तो झाडून घेतला.

मालक म्हणाले, "एपीएफसीत आणखी दोन कपॅसिटर टाकू." एपीएफसी म्हणजे मेनला बसवलेलं, पीएफ आपोआप सुधारणारं कपॅसिटरचं पॅनल. पण बिलात पीएफ, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या केव्हीएपैकी खऱ्या कामाचा वाटा), ०.९९ होताच. केव्हीएएच बिलिंग (पीएफ खराब तर बिल जास्त, अशी आकारणी) आल्यापासून तिकडे सगळ्यांचंच लक्ष असतं.

वायरमनच्या हाती क्लॅम्प मीटर दिला. एपीएफसी बंद असताना इनकमरला (मेन पॅनलला सप्लाय आणणाऱ्या लाइनला) ३१० अँपिअर, ब्लोअरच्या केबलला ७१. एपीएफसी चालू केल्यावर इनकमर २५० वर आला. केबल ७१ वरच.

"म्हणजे मोटरचा रिॲक्टिव्ह करंट अजून हिच्यातूनच जातोय?" वायरमनने विचारलं.

रिॲक्टिव्ह करंट म्हणजे काम न करता मोटरचं चुंबकीय क्षेत्र टिकवणारा करंट. तो जाणारच. कपॅसिटर बसतो तिथून सप्लायच्या बाजूचा करंट उतरतो, लोडच्या बाजूचा नाही. बिलाचा मीटर मेनला, म्हणून बिल खूश.

मोटर ४० किलोवॅट घेत होती, पीएफ ०.७८. म्हणजे ३२ केव्हीएआर (रिॲक्टिव्ह पॉवरचं माप). २५ चा कपॅसिटर धरला. लोड उतरला की कपॅसिटर जास्त होऊन पीएफ उलट बाजूला, लीडिंगला, जायला नको. स्टार्टर ब्लोअरजवळच होता म्हणून काम सोपं झालं. तो मेन पॅनलला असता, तर त्याच्या सप्लाय बाजूला कपॅसिटर लावून केबलला काहीच फरक पडला नसता.

वायरमनला कपॅसिटर थेट मोटर टर्मिनलवर हवा होता. स्टार-डेल्टा स्टार्टरला (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या) ते चालत नाही. स्टार सुटून डेल्टा लागेपर्यंत भरलेला कपॅसिटर मोटरला चिकटून राहतो, फेज सरकलेली असते, आणि त्या झटक्यात कॉन्टॅक्टरचे (जोड-तोड करणाऱ्या स्विचचे) पॉइंट वेल्ड होतात. म्हणून स्टार्टरच्या सप्लाय बाजूला, वेगळ्या कपॅसिटर-ड्यूटी कॉन्टॅक्टरवर घेतला. डेल्टा लागल्यानंतर टायमरने तो ओढतो, मोटर बंद होताच सुटतो. ओव्हरलोड रिले (करंट जादा झाला की मोटर बंद करणारा) कपॅसिटरच्या पुढे, मोटरच्या बाजूला, त्यामुळे त्याचं सेटिंग बदलावं लागलं नाही.

केबलला आता ५७ अँपिअर. तारेतला लॉस साधारण २.८ किलोवॅटवरून १.८ वर. व्होल्टेज मात्र ३९६ चं जेमतेम ३९७ झालं. एवढ्या बारीक केबलीत ड्रॉप मुख्यतः रेझिस्टन्सचा, तो कपॅसिटरने जात नाही. त्यासाठी जाड केबलच हवी.

जिनच्या ५ एचपी मोटरींना एकेक कपॅसिटर लावला नाही. त्यांच्या सब-पॅनलला एकत्र दिला. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आउटपुटला मात्र कुठेच नाही.