चप्पल उडाली, गोल नाही

“पण काका, गोल झालाच होता की ओ!”

संध्याकाळी पेठेतल्या पोरांनी मला शिट्टी देऊन रेफ्री केलं होतं. शेवटची दोन मिनिटं, बरोबरी. चेंडू दोन चपलांच्या मधून जाणार, तेवढ्यात एकानं हातानं ढकलला. त्याला बाहेर काढलं, पेनल्टी दिली. चेंडू चपलेला लागला, चप्पल उडाली, गोल नाही. आणि हात लावणारा रेषेबाहेर नाचतोय! मारणारा रडवेला होऊन चप्पल जागेवर ठेवत होता.

मला २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपमधला घाना आठवला. जोहान्सबर्ग, क्वार्टर फायनल, जादा वेळेचे शेवटचे क्षण. उरुग्वेच्या सुआरेझनं गोलरेषेवर हातानं चेंडू अडवला, रेड कार्ड घेतलं. घानाच्या ग्यानची पेनल्टी बारला लागली. मग पेनल्टी शूटआउटमध्ये घाना ४-२ नं बाहेर. सुआरेझही तेव्हा बाहेर उभा राहून नाचलाच होता.

रग्बीत नक्की होणारा ट्राय (म्हणजे तिथला गोलच म्हणा) असा लबाडीनं अडवला, तर रेफ्री थेट ‘पेनल्टी ट्राय’ देतो, म्हणजे ट्राय झालाच असं धरतो. फुटबॉलमध्ये चोर सापडला तरी माल परत मिळवायला ११ मीटरवरून पुन्हा नेम धरायचा. (गोलकीपर मंडळी चिडतील, चिडू देत.)

उद्या परत मॅच आहे, शिट्टी माझ्याकडंच आहे. असं झालं तर सरळ गोल देऊन टाकू का?