तुम्ही विचारलंत म्हणून: परत कशी काय वाढलीस?

हा प्रश्न लोकांनी मला लग्नाच्या मांडवात विचारलाय, पतसंस्थेच्या काउंटरवर विचारलाय आणि एकदा तर माहुलीच्या घाटावर, दहाव्याला सगळे कावळ्याची वाट बघत उभे असताना विचारलाय. "एवढी बारीक झाली होतीस, परत कशी काय वाढलीस गं?" ७६ किलोवरून ५४ कशी झाले ते तुम्हाला ठाऊक आहे, फोटो सातारभर फिरलेत. आज ६७ आहे. आकडा आपणहून सांगितला, आता अंदाज बांधत बसू नका.

तुम्हाला ऐकायचं असतं ते "आळस, दुसरं काय". तेच उत्तर मी चार वर्षं देत आले, कारण त्याने विषय संपतो. पण परवा भाचीनेही विचारलं, तेही वेगळ्या कारणासाठी. ते शेवटी सांगते.

मी पतसंस्थेत अठरा वर्षं वह्या जुळवतेय. त्यामुळे "खाल्लं ते जमा, जळलं ते खर्च" हे मला एका झटक्यात पटलं. सुरुवातीला मी रोज पहाटे अजिंक्यतारा चढायचे आणि वर्षभरात दोन किलोने वाढले! मनगटावरचं घड्याळ म्हणायचं, ४८० कॅलरी जळल्या. मग खाली उतरल्यावर वडापाव हक्काचा. गड गावापासून साधारण तीनशे मीटर उंच. तेवढं चढायला माझ्या वजनाला अडीचशे-तीनशे लागत असतील. शिवाय तेवढा वेळ मी घरी पेपर वाचत बसले असते तरी ज्या कॅलरी जळल्याच असत्या, त्याही घड्याळाने चढणीच्या नावावर टाकलेल्या. म्हणजे तीन-चार कंदी पेढ्यांत सगळा गड वसूल. ही चूक सगळेच करतात, तिच्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते नंतरचं. पळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर कुणीतरी १२०० कॅलरींचा चार्ट टाकला. माझी उंची, वय, मी किती पळते, काही न विचारता. बसून काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला १६६० लागतात, हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा मला फार उशिरा कळला. आणि मी काही नुसती बसून नव्हते. हिल मॅरेथॉनसाठी नाव घातलं होतं, आठवड्याला चाळीस किलोमीटर पळत होते, त्यातले निम्मे यवतेश्वरच्या घाटात. घड्याळ खोटं बोलतं हे कळलेलं असल्याने पळण्यासाठी म्हणून वेगळं काही खायचं नाही, असा नियम केला. वजन उतरायला लागलं. तुम्ही सगळे "वा" म्हणालात. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू?

श्रावणातला शुक्रवार होता, मॅरेथॉनला तीन आठवडे उरले होते. जिवतीचं पुरण मीच शिजवलं, मीच वाटलं. पोळी तव्यावरून उतरवली आणि सगळ्यांसमोर ओट्यावरच्या काट्यावर ठेवली. ११० ग्रॅम. मोबाइलमध्ये आकडा भरला आणि पोळीचा चतकोर मोडून घेतला, तोही तुपाशिवाय. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी उरलेली पाऊण पोळी उचलली, तूप घातलं आणि माझ्याकडे बघत उभ्यानेच खाल्ली. चाळीस वर्षांत त्यांना कुणी उभ्याने जेवताना पाहिलेलं नसेल. मला तेव्हा वाटलं, टोमणा मारला. आता वाटतं, त्या घाबरल्या होत्या. विचारायचं राहूनच गेलं. आता त्या नाहीत.

त्या रविवारी घाटात धुकं इतकं की पुढचं वळण दिसत नव्हतं. डाव्या नडगीत दोन आठवडे काहीतरी ठसठसत होतं, मी बर्फ लावून पळत होते. उतरताना सहाव्या किलोमीटरला हाडावर कुणी बोट दाबून धरावं तसं झालं आणि पुढचं पाऊल टाकवेना. कठड्यावर बसले. पावसाने आधीच भिजलेले, त्यात थंडी अशी भरली की दात वाजायला लागले. ऑगस्टमध्ये! बसल्या बसल्या काय केलं असेल? घड्याळ थांबवलं, कारण न पळता वेळ मोजला गेला तर सरासरी बिघडेल. दुधाचे रिकामे कॅन घेऊन एक पिकअप खाली चालला होता, त्या दादांनी पुढे बसवलं. त्यांनी डॅशबोर्डवरचा राजगिऱ्याचा लाडू पुढे केला आणि मी "नको, उपास आहे" म्हणाले. राजगिरा उपासालाच खातात, हे मला तेव्हा सुचलंही नाही. त्यांना सुचलं असणार. लाडू परत ठेवून ते गप्प गाडी चालवत राहिले.

एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. हाडाला पडणाऱ्या बारीक चिरा सुरुवातीला एक्स-रेत बरेचदा दिसत नाहीत म्हणे. एमआरआयमध्ये दिसली. डॉक्टरांनी पायाला हात लावण्याआधी विचारलं, "पाळी शेवटची कधी आली होती?" नडगीच्या दुखण्यासाठी गेलेल्या बाईला हा प्रश्न विचित्रच वाटणार. मी मोजायला लागले. मार्च. म्हणजे पाच महिने. वय ३९. मला कळलं नव्हतं असं नाही. मी मनात म्हटलं होतं, बरं झालं, पळायला सोयीचं झालं.

त्यांनी कागदावर हिशेब मांडला, माझ्याच भाषेत. जमा १२००. पळण्याचा दिवस असेल तर त्यातले पाच-सहाशे पायांनी नेले. उरले सहाशे-सातशे, आणि त्यात हृदय, मेंदू, हाडं, केस, अंगातली ऊब, पाळी, सगळं चालवायचं. चरबी वगळून जे वजन उरतं त्याच्या दर किलोमागे अशा शिल्लक कॅलरी तिसाच्या खाली गेल्या की शरीर काटकसर सुरू करतं. माझ्या पंधराच्या आसपास येत होत्या. घरात पैसा कमी पडला की आधी कशाला कात्री लागते? जे उद्यावर ढकलता येतं त्याला. पाळी गेली, केस गळाले, मग हाडांची डागडुजी थांबली. मला वाटत होतं वही मी लिहितेय. शरीर स्वतःची वेगळी वही लिहीत होतं, आणि जमा कमी झाली की खर्चाची बाजू ते आपणहून खोडत होतं.

पाय बुटात अडकवून दोन महिने घरी होते तेव्हा मिनेसोटातल्या प्रयोगाबद्दल वाचलं. १९४४-४५ साल, ३६ तरुण, चोवीस आठवडे दिवसाला साधारण १५७० कॅलरी आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं. ती माणसं खंगली, थंडीने कुडकुडायला लागली, चिडचिडी झाली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली. मी रात्री अकराला पांघरुणात मोबाइल धरून मिसळीचे व्हिडिओ बघायचे, एकामागून एक. त्याला उपासमारीचा प्रयोग म्हणतात. माझ्या वेळी सगळे शिस्त म्हणाले, मीसुद्धा.

मग वाढले कशी? खायला लागले, अशी. आधी डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, मग त्याहून जास्त. पाव किलो पेढे एका बसणीत संपवलेत मी, तेही लपून. पळणं बंद आणि भूक अशी की पोटाला तळच नाही. त्यातलं किती शरीर वसूल करत होतं आणि किती माझी हाव, हे मला आजही सांगता येत नाही. पाळी सात महिन्यांनी आली. हाड जुळलं.

"मग मध्यम मार्ग नव्हता का?" असतोच. खाण्यात रोज तीनशे-चारशे कॅलरी कमी, डाळ-अंडी-दही नीट, थोडं वजन उचलणं, महिन्याला एक-दीड किलो. हे सगळं मला तेव्हाही कुणीतरी सांगितलं होतं आणि मी हसले होते. त्या हसणाऱ्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, मी अजून भांडते. ती म्हणते, "दीड किलोला कुणी वा म्हणालं असतं का?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. कारण आता मी पोळीवर तूप घेऊन गड चढते, गुडघे दुखत नाहीत, साखर नॉर्मल आहे, आणि तरी ५४ चा तो फोटो समोर आला की पोट आत ओढून घेते. ५४ चं सगळंच चुकीचं होतं असंही नाही. जिना चढताना हलकं वाटायचं ते खरंच होतं.

भाचीचं सांगते म्हटलं होतं. एकवीस वर्षांची आहे, पुढच्या वर्षी घाटात पळायचंय तिला. तिचा मेसेज आला: "मावशी, परत कशी वाढलीस ते सांग, म्हणजे मी ती चूक करणार नाही. आणि तो चार्ट पाठव ना." मी हे सगळं तिच्यासाठी लिहायला बसले होते. चार्टचा फोटो फोनमध्ये अजून आहे, आत्ताच शोधून बघितला. खाली माझ्याच अक्षरात एक ओळ आहे: "रविवारी ११०० चालेल."