गिअर जड पडतो, तेव्हा दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा?

गाडीचा गिअर जड पडू लागला की आपल्याकडे सर्वांत आधी "क्लच प्लेट गेली" हेच वाक्य ऐकू येते. जळगाव असो, भुसावळ असो की धुळे, अनेक गॅरेजमध्ये गाडीत न बसताच हा निकाल दिला जातो आणि मला तो कधीही पटलेला नाही. क्लच प्लेट बदलायची म्हणजे अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, मोठी मजुरी मोजावी लागते, आणि एवढे करूनही मूळ दोष दुसरीकडेच असेल तर गिअर पूर्वीसारखाच अडतो. शिवाय नुसती झिजलेली क्लच प्लेट बहुधा वेगळेच लक्षण दाखवते. ती घसरते, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही. गिअर पडत नसेल तर क्लच पुरता सुटत नसावा, म्हणजे पेडल दाबूनही तो इंजिनाला गिअरबॉक्सपासून वेगळे करत नसावा, लीव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी बिघडलेली असावी किंवा गिअरबॉक्सच्या आत काहीतरी झिजलेले असावे. या तिन्हींत फरक करायला कोणतेही हत्यार लागत नाही. सपाट जागा आणि थोडा निवांत वेळ पुरतो.

सुरुवात इंजिन बंद ठेवून करावी. हँडब्रेक ओढून, क्लच पूर्ण दाबून, पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत प्रत्येक गिअर टाकून पाहावा. बंद गाडीत एखादा गिअर कधीतरी अडतो. अशा वेळी क्लच सोडून पुन्हा दाबला की तो पडतो, त्याची चिंता करू नये. मग इंजिन चालू करून तेच सगळे पुन्हा करावे. बंद गाडीत गिअर अलगद पडतात आणि चालू गाडीत अडतात, असे दिसले तर क्लच इंजिनाला पुरते वेगळे करत नाही असे समजावे. दोन्ही वेळा सारखेच जड वाटले तर क्लचचा विचार बाजूला ठेवून जोडणीकडे आणि गिअरबॉक्सकडे वळावे.

या चाचणीवर इतका भरवसा का ठेवायचा, हे कळण्यासाठी आत काय घडते ते पाहायला हवे. गिअरचे चाक आणि त्याचा शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरत असतात, आणि दोघांची गती एक झाल्याशिवाय दाते एकमेकांत बसत नाहीत. ही गती जुळवण्याचे काम सिंक्रो रिंग करते. ही रिंग बहुतेक गाड्यांत पितळेची असते. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी चार पावले बसबरोबर धावतो, तसेच हे काम आहे. गती जुळेपर्यंत रिंग स्लीव्हला, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याला, पुढे सरकू देत नाही, आणि हातातल्या लीव्हरला जाणवणारा अडथळा तोच असतो. आता क्लच दाबूनही इंजिन गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचमधून इंजिनाची गती आत आणणारा शाफ्ट, थोडाथोडा फिरवतच राहिले, तर बिचाऱ्या रिंगला अख्ख्या इंजिनाशी झुंजावे लागते. ती हरते, गिअर अडतो, आणि असे महिनोन्‌महिने चालले तर क्लचचा दोष शेवटी सिंक्रो खाऊन टाकतो. म्हणून जड गिअर जोर लावून ढकलत राहू नये.

सिंक्रोमेश, म्हणजे या रिंगांनी गती जुळवणारा गिअरबॉक्स, गाड्यांत आला तो १९२८ साली, अमेरिकेतल्या कॅडिलॅकमध्ये. ट्रकमध्ये तो बराच उशिरा रुळला. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे जुने ड्रायव्हर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा हलका झटका, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर, अशी डबल क्लचिंगची कसरत धुळ्याजवळच्या लळिंग घाटात सवयीने करत. ती कसरत आजही निदानासाठी उपयोगी आहे. एखादाच गिअर, बहुधा दुसरा, खाली उतरवताना करकरत असेल आणि डबल क्लच केल्यावर गुमान पडत असेल, तर त्या गिअरचा सिंक्रो झिजला आहे असे मानायला हरकत नाही.

दोष क्लचकडे असल्याचा संशय असेल तर रिव्हर्स गिअर साक्ष देतो, कारण पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. गाडी उभी, इंजिन आयडलवर, क्लच तळापर्यंत दाबून पाच-सहा सेकंद थांबायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. तेवढ्या वेळात इनपुट शाफ्ट थांबायला हवा. तरीही करकर झाली तर क्लच चिकटून राहतो आहे. आता पेडलकडे पाहावे. सगळ्यात आधी पायाखालचे मॅट बघा. दुप्पट जाडीचे मॅट पेडलला तळापर्यंत जाऊ देत नाही, आणि हा खर्च शून्य रुपयांचा असतो. वायरचा क्लच असेल तर वायर ताणली आहे का, तिचे धागे तुटू लागले आहेत का आणि पेडलला मोकळी चाल किती आहे, हे गाडीच्या पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहावे. हायड्रॉलिक, म्हणजे वायरऐवजी ब्रेक फ्लुइडच्या दाबाने चालणारा, क्लच असेल तर मात्र वेगळी तपासणी लागते.

अशाच हायड्रॉलिक क्लचच्या गाडीसाठी माझ्या चोपड्याच्या मावसभावाने एकदा फोन केला. "दादा, गॅरेजवाला प्लेट टाकायची म्हणतो, टाकू का?" मी म्हटले, "आधी पेडल दोन-तीनदा भराभर दाब, शेवटी दाबूनच ठेव आणि मग गिअर टाकून बघ." गिअर पडला. पेडल भराभर दाबल्यावर गिअर पडतो याचा अर्थ क्लचच्या लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा मास्टर (पेडलकडच्या) अथवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडच्या) सिलिंडरचे रबर दाब धरत नाही. गाडी घरी आल्यावर आम्ही स्लेव्ह सिलिंडरचे रबरी बूट बोटाने उचलले. आतून ओलसर, काळपट फ्लुइडचा थेंब ओघळला, आणि खालच्या ब्रॅकेटचा रंग पापुद्र्यांसारखा सुटला होता. ब्रेक फ्लुइड रंग खाते, त्यामुळे ही खूण फार बोलकी असते. सिलिंडरचे किट बदलले, लाइनमधली हवा काढली, आणि प्लेटला हात लावावा लागला नाही. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची फ्लुइडची टाकी एकच असते, म्हणून तिची पातळी घटत असेल तर ती गोष्ट गिअरपेक्षा ब्रेकसाठी अधिक गंभीर समजावी.

जोडणीचे दोष त्या मानाने साधे असतात. लीव्हर सैल डोलतो, न्यूट्रलमध्ये आपोआप मध्यावर येत नाही, पहिला टाकताना तिसरा पडतो, अशी लक्षणे दिसली की गिअर केबलच्या टोकाची प्लास्टिकची बुशे पाहावीत. आपल्या काळ्या मातीची धूळ कपाशीच्या हंगामात शेतरस्त्यांवर पिठासारखी उडते आणि ग्रीसमध्ये बसून पॉलिश पेपरचे काम करते. इंजिनाचे माउंटिंग तुटले असेल तर ॲक्सिलरेटर सोडता-धरताना इंजिन हलते, केबलचे माप बिघडते, आणि मग गिअर केवळ इंजिनावर जोर असतानाच अडतो.

हवामानाचा वाटा खानदेशात दुर्लक्षित करता येत नाही. जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली गेला असताना दुसरा गिअर पहिले एक-दोन किलोमीटर जड लागला आणि नंतर सुधारला, तर ते घट्ट झालेल्या ऑइलचे लक्षण आहे, बिघाडाचे नाही. उलट, गाडी थंड असताना सगळे ठीक आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत कन्नड घाटाच्या कोंडीत हाफ क्लचवर रेंगाळल्यानंतर गिअर अडू लागले, तर तापलेला क्लच पुरता सुटत नाही हे उघड आहे. तिथे हाफ क्लचऐवजी गाडी ब्रेकवर थांबवून न्यूट्रलमध्ये ठेवावी. गिअरबॉक्सचे ऑइल बदलताना पुस्तिकेतील ग्रेडच मागावी. जीएल-४ ही ग्रेड सांगितलेल्या बॉक्समध्ये "हे भारी आहे" म्हणून जीएल-५ ओतणारे भेटतात. त्यातील काही ऑइल जास्त निसरडे असल्याने सिंक्रोला पकड मिळत नाही, आणि त्यातील गंधकयुक्त रसायने पितळेलाही बाधू शकतात.

आवाजाकडेही कान द्यावा. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे), आणि पेडल सोडल्यावर येणारी घरघर दाबताच थांबत असेल तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग संशयित ठरते. हे सगळे पाहून झाल्यावर गॅरेजमध्ये जाताना "गिअर जड आहे" एवढेच न सांगता, बंद गाडीत पडतो का, कोणता गिअर अडतो, थंड असताना की तापल्यावर, पेडल भराभर दाबल्यावर फरक पडतो का, हे सांगावे. आणि खरोखरच गिअरबॉक्स उतरवावा लागला तर प्लेटबरोबर तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलून घ्यावे, इनपुट शाफ्टच्या खाचांवर प्लेट मोकळी सरकते का ते समोर उभे राहून पाहावे, आणि इंजिनाची मागची ऑइल सील गळत असेल तर तीही त्याच वेळी बदलावी, कारण तिच्यातून झिरपलेले ऑइल नव्या प्लेटवर उतरले तर तीच प्लेट घसरू लागते आणि बॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागतो.