पूरनिधीच्या वहीत कुणाचं नाव?

"मॅडम, हे तीनशे ऐंशी कशाचे कापले ओ?"

२०१९ चा सप्टेंबर, पगाराचा दिवस. मी तेव्हा जिथं अकाउंट्सला होते तिथल्या खिडकीपुढं वार्पिंगचा, म्हणजे मागासाठी ताणा तयार करणाऱ्या खात्यातला, एक माणूस स्लिप धरून उभा होता. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर येऊन गेलेला आणि मालकांनी ठरवलं होतं की सगळ्यांचा एक दिवसाचा पगार पूरग्रस्तांना द्यायचा. ठरवलं त्यांनी, पगारपत्रकात 'पूरनिधी' असा कॉलम टाकला मी. विचारलं कुणालाच नाही, ना युनियनला, ना त्या माणसाला. मी म्हटलं, अहो पूरग्रस्तांसाठी आहेत ते. तो म्हणाला, "मग सांगायचं की आधी. मी पाचशे दिले असते." आणि स्लिपची घडी करून खिशात घालून गेला.

पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला, भलामोठा थर्माकोलचा चेक, त्यावर कंपनीचं नाव, खाली सगळे हसतमुख. त्या रकमेत निम्म्याहून जास्त पैसे कामगारांच्या एका दिवसाचे होते, हे मला पक्कं माहीत होतं कारण बेरीज मीच केलेली. बातमीत कामगार हा शब्दसुद्धा नव्हता. मी ती नोकरी नंतर सोडली, कारण वेगळं होतं, पण "मी पाचशे दिले असते" हे वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

खरं तर कायदा याबाबत स्वच्छ होता. १९३६ च्या पगार कायद्यात पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधीसाठी पगारातून रक्कम कापायची तर कामगाराची लेखी संमती पाहिजे असं तेव्हा लिहिलेलं होतं. लेखी. म्हणजे सही. इतका साधा कागद आहे तो, पण तो कागद आणला की देणारा कामगार असतो आणि नाही आणला की देणारी कंपनी होते.

केरळात २०१८ च्या महापुरानंतर हेच झालं होतं. सरकारनं कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार द्या म्हणून आवाहन केलं, दहा हप्त्यांत, ते ठीकच, पण ज्याला द्यायचा नाही त्यानं तसं लिहून द्यायचं अशी अट घातली. कर्मचारी संघटना कोर्टात गेल्या, हायकोर्टानं ती अट थांबवली आणि सुप्रीम कोर्टानंही त्यात हात घातला नाही. मला तो निकाल फार आवडला होता. एखाद्याच्या घरात आजारपण असेल, कर्ज असेल, त्यानं 'मी देऊ शकत नाही' असं सगळ्यांसमोर लिहून का द्यावं?

आता यंदाचं. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या सीनेनं काय केलं ते सोलापुरातल्या माणसाला सांगायची गरज नाही. ज्या नदीत आपण लहानपणापासून वाळू आणि बाभळीच बघितल्या ती नदी करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत गावात शिरली, लांबोटीजवळ पुण्याचा रस्ता बंद, वडकबाळजवळ विजापूरचा रस्ता बंद, उसाचे नुसते शेंडे दिसत होते आणि कुठं तेही नाही. दुष्काळी जिल्हा म्हणून आपली ओळख, आपल्याकडं टँकर कसे मागवायचे ते सगळ्यांना येतं, बोट कुठून आणायची ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या युनिटमध्ये आहे. पुराच्या तिसऱ्या दिवशी शेठनी सगळ्यांना बोलावलं, म्हणाले आपण टॉवेल आणि चादरी पाठवू, गोडाऊनमध्ये सेकंडचा माल पडून आहे तो काढा. सेकंड म्हणजे एखादा धागा तुटलेला, काठ वाकडा गेलेला, रंगाचा डाग लागलेला माल. शेठचा हेतू वाईट नव्हता, माल वापरण्यासारखा होता. पण घडी डिपार्टमेंटच्या अक्का, तीस वर्षं टॉवेलच्या घड्या घालतायत, त्या उठून म्हणाल्या, "शेठ, माझ्या घरात पाणी आलं असतं तर मला सेकंड दिला असता का ओ तुम्ही?" सगळे गप्प. शेठ थोडा वेळ खाली बघत राहिले, मग म्हणाले, चांगल्या लॉटमधला काढा. आणि तो लॉट पार्टीचा म्हणजे गिऱ्हाईकाचा होता, पॅकिंग झालेला, डिलिव्हरी आठ दिवस पुढं ढकलावी लागली. शेठबद्दल मला त्या दिवशी जो आदर वाटला तो कुठल्याही चेकनं वाटला नसता.

त्याच मीटिंगमध्ये युनियनचे जॉबर (मागांवर देखरेख करणारे) मामा म्हणाले, पगार कापायचा तर आधी वही फिरवा. मग वही फिरवली. शंभर पानी साधी वही, नाव, रक्कम, सही किंवा अंगठा. कुणी पन्नास दिले, कुणी हजार, चारपाच जणांनी नाही दिले आणि त्यांना कुणी का म्हणून विचारलं नाही, त्यातल्या एकाचं स्वतःचंच घर मोहोळ तालुक्यात पाण्यात होतं. कामगारांची बेरीज झाल्यावर शेठनी तेवढीच रक्कम कंपनीची घातली. पण दोन चेक गेले, मुख्यमंत्री सहायता निधीलाच, एक युनियनच्या नावानं आणि एक कंपनीच्या. हा हट्ट माझा होता. पावती ज्याच्या नावानं त्याची देणगी, देणगीवरची टॅक्सची वजावट त्याला, इतकं सरळ आहे ते. (नव्या टॅक्स पद्धतीत ही वजावट मिळत नाही, आणि आमच्यातल्या बहुतेकांचा पगार तसाही टॅक्सपर्यंत पोचत नाही, पण पावतीवर नाव आलं पाहिजे.)

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपनीनं नफ्यातला ठरावीक भाग समाजाच्या कामाला खर्च करायच्या नियमाबद्दल, इथं सांगते कारण बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. कंपनी कायदा २०१३ प्रमाणं ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी आहे तिलाच मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो, म्हणजे आमच्यासारख्या युनिटला तो लागू नाही, आम्ही जे दिलं ते मनानं दिलं. आपत्ती निवारण आणि पुनर्वसन हा विषय सीएसआरमध्ये धरायच्या कामांच्या यादीत २०१९ ला स्पष्टपणे आला. गंमत बघा, मोठ्या कंपनीनं पंतप्रधान निधीला किंवा पीएम केअर्सला दिले तर ते सीएसआरमध्ये धरतात, मुख्यमंत्री निधीला दिले तर धरत नाहीत, २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडच्या वेळी केंद्रानं तसा खुलासाच केला होता. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेले मात्र चालतात. मला हे अन्यायाचं वाटतं, पूर सीनेला येतो, पंचनामा तलाठी करतो आणि पैसा मात्र दिल्लीकडं जायला सोपा. त्याच खुलाशात एक चांगली गोष्ट होती, लॉकडाऊनमध्ये कामगारांना दिलेला पगार सीएसआर धरता येणार नाही असं लिहिलेलं. बरोबरच आहे, पगार म्हणजे काही दान नव्हे.

कुणाच्या खिशातून हा प्रश्न यंदा आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त उसावरून पेटला. सरकारनं ठरवलं की २०२५-२६ च्या हंगामात कारखान्यांकडून टनामागं १५ रुपये घ्यायचे, १० मुख्यमंत्री सहायता निधीला आणि ५ पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी. शेतकरी संघटना म्हणाल्या हे आमच्याच बिलातून कापणार, सरकार म्हणालं शेतकऱ्याचे नाहीत, कारखान्याच्या नफ्यातले आहेत. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्याकडं, आणि ज्याचा ऊस पुरात गेला त्याच्याच शेजाऱ्याच्या उसातून त्याला मदत द्यायची तर शेजाऱ्याला निदान तसं कळू द्या. तो नाही म्हणणार नाही. वार्पिंगवाला नाही म्हणाला नव्हता.

ही वही माझ्या ओळखीची आहे. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आम्ही लहान पोरं दमून झोपलेलो आणि भांडी पडायच्या आवाजानं उठलो. दुपारपासून सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जखमी यायला लागले. माझी आई बिड्या वळायची, पूर्व भागातल्या कारखान्यात माल द्यायला जायची, तिच्याबरोबरच्या बहुतेक बायका तेलुगू बोलणाऱ्या. त्या आठवड्यात युनियनच्या बायकांनी ठरवलं, प्रत्येकीनं दोनशे बिड्यांची मजुरी द्यायची, आणि ज्यांच्याकडं तेवढंही नाही त्यांनी सिव्हिलमधल्या नातेवाइकांना भाकरी करून न्यायच्या. आईनं दोन्ही केलं. तिचं नाव एका वहीत तेलुगूत लिहिलं होतं, तिला स्वतःला ते वाचता येत नव्हतं, पण बोट ठेवून मला दाखवलं होतं तिनं, हे माझं.

यंदा भाकरीच परत कामाला आली. पुराच्या गावात पीठ पाठवून उपयोग नाही, चूल भिजलेली, सरपण भिजलेलं, गॅसच्या टाक्या वाहून गेलेल्या. आमच्या शिलाईच्या बायकांनी दोन रात्री बसून कडक भाकरी केल्या. ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, मग मंद आचेवर पार पापडासारखी होईपर्यंत वाळवायची, पाण्याचा अंश राहिला की बुरशी आलीच. वीस-वीसच्या चवडी, वर शेंगा चटणीची पुडी. ज्वारी कंपनीची, हात बायकांचे, टेम्पो आणि डिझेल परत कंपनीचं, आणि त्या दोन दिवसांची हजेरी शेठनी पूर्ण लावली. ही हजेरी मला चेकपेक्षा मोठी वाटते. रोजंदारीवरच्या माणसाकडं मदत करायला हात असतात, फक्त दिवस नसतो, तो कंपनी देऊ शकते.

पाणी उतरल्यावर तर हेच जास्त लागलं. पहिल्या आठवड्यात रेशनचे किट एवढे आले की एका गावात शाळेच्या व्हरांड्यात बिस्किटांचे बॉक्स छतापर्यंत, आणि माणसं मात्र विहिरीवरच्या मोटारीकडं बघत बसलेली. दक्षिण सोलापुरातल्या त्या गावात आमचा वायरमन आणि मामा असे सहा जण चार रविवार गेले. मी एकदा बरोबर गेले होते. मोटार उघडली की आतून चहाच्या रंगाचं पाणी आणि मग लोण्यासारखा मऊ गाळ. तो काढायचा, स्वच्छ पाण्यानं धुवायचं, उन्हात ठेवायचं, मग मेगर (वायरींचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघायचं, वाईंडिंग वाचलं असेल तर नशीब, नाहीतर गाडीत घालून रिवाइंडिंगला सोलापुरात. एक म्हातारे आजोबा प्रत्येक मोटारीपाशी येऊन विचारायचे, "चालल का ओ?" त्यांची स्वतःची मोटार सापडलीच नव्हती, वाहून गेलेली.

या सहा जणांची नावं वहीत कशी लिहायची हा प्रश्न आला, कारण कॉलम रकमेचा. मी शेवटी बाजूला रेघ मारून 'दिवस' असा कॉलम केला. वायरमनपुढं ४ लिहिलेत. भाकरीवाल्या बायकांपुढं २. अक्कांनी माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं.

वहीची झेरॉक्स हजेरीच्या पंचिंग मशीनपाशी लावलीय, पावत्यांसकट. एकूण २३ मोटारी आणल्या होत्या, २१ परत गेल्या. उरलेल्या दोन मोटारींचं बेअरिंग अजून मिळालेलं नाही, मामा या रविवारी बघून येतो म्हणालेत.