साऊनात काय घालू?

भारतातून इकडे फिनलंडला येणाऱ्या पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात. थर्मलचे किती जोड आणू, जॅकेट तिकडेच घेतलेलं बरं का, लोणच्याची बरणी चेक-इनमधे टाकू ना. आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत राहतं आणि शेवटी खरा प्रश्न येतो, "ते तुमच्याकडे साऊना असतं ना, तिथे काय घालून जातात गं?"

काही नाही. एवढं लिहून पाठवलं की पलीकडे निळ्या टिका होतात आणि उत्तर येतच नाही.

आता काय करणार, साऊना म्हणजे घाम काढायला बसायची तापवलेली लाकडी खोली, तिथे खरंच काही घालत नाहीत. फिनलंडची लोकसंख्या साधारण ५५ लाख आणि साऊना म्हणाल तर ३० लाखांच्या आसपास, बिल्डिंगच्या तळघरात, तळ्याकाठच्या लाकडी घरात, अगदी इथल्या संसदेच्या इमारतीतसुद्धा. २०२० मधे युनेस्कोने ही सगळी परंपरा आपल्या वारशाच्या यादीत टाकली. हेलसिंकीशेजारच्या एस्पोतल्या आमच्या सोसायटीत पार्किंगची जागा लावून मिळते तशीच साऊनाची वेळ लावून मिळते, आठवड्यातला एक तास आपल्या घरचा, शिवाय एक वेळ सगळ्या बायकांची आणि एक पुरुषांची. आत अंधुक उजेड, कोणी कोणाकडे बघत नाही, बोलणं झालंच तर बर्फ कधी वितळणार एवढंच. पहिली दहा मिनिटं आपलं आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं, मग इतकं गरम व्हायला लागतं की लाज वगैरे सुचायला डोकं शिल्लक राहत नाही.

पण "काही घालायचं नाही" हे पूर्ण उत्तर नाहीये हं, कारण सगळीकडे एकच नियम असेल तर शपथ. हेलसिंकीला समुद्राकाठी लोयलू नावाचं भारी साऊना आहे, २०१६ ला उघडलेलं, तिथे बायका-पुरुष एकत्र बसतात म्हणून स्विमसूट सक्तीचा. त्याच शहरात काल्लियो भागातलं कोटिहार्यू १९२८ पासून लाकडं जाळून तापतंय, तिथे बायका-पुरुषांची सोय वेगळी, त्यामुळे अंगावर काही नाही. म्युन्सिपाल्टीच्या स्विमिंग पूलला जा, तर तिथे उलटाच प्रकार, पाण्यात स्विमसूट पाहिजेच पण साऊनात तो घालून यायचं नाही अशी पाटी. क्लोरीनच्या पाण्यात भिजलेलं ते नायलॉन तापलेल्या खोलीत कोणाला नको असतं, आणि आधी शॉवर घ्यायचा तोही कपडे काढून. आपल्याकडे अंगावर पंचा ठेवून आंघोळ करणाऱ्याला हे पचायला वेळ लागतो. जर्मनीत तर आणखी कहर. माझा मामेभाऊ स्टुटगार्टला असतो, तो सांगतो तिथे बायका-पुरुष एकत्र आणि तरी कोणाच्या अंगावर कापड नाही, पण टॉवेल मात्र मोठ्ठाच पाहिजे, पायांच्या तळव्याखालीही यायला हवा. घामाचा थेंब लाकडावर पडला तर लोक असे बघतात की आपण नागडे आहोत याचं कोणाला काही नाही, घामाचंच सगळं आहे.

आणि मला विचाराल तर यात तथ्य आहे. आत ८०-९० अंश असतात, ऐकायला भयंकर वाटतं, पण हवा कोरडी असते आणि घाम उडत राहतो म्हणून निभतं. त्यात पॉलिएस्टरचा टीशर्ट घालून बसलं की घाम ना शोषला जातो ना उडतो, कापड ओलं होऊन अंगाला चिकटतं आणि आपण आपलेच वाफवले जातो. मग कोणीतरी तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओततं, चुर्रर्र आवाज येतो, दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग ती वाफ मानेवर, कानांवर येऊन बसते. तेव्हा अंगावर जे काही असेल ते सगळं नकोसं होतं. पुण्यात काही जिममधे लोकांना ट्रॅकपँट आणि बूट घालून साऊनात बसलेलं मी बघितलंय, हातात मोबाईल. वर ते प्लॅस्टिकचे सॉना सूट, वजन उतरवायला! उतरतं ते पाणी, दोन ग्लास प्यायले की परत चढतं. १९९७ मधे अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान असंच घाम काढून वजन कमी करताना दगावले, त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली.

खरी गंमत कपड्यांत नाहीच, बारक्यासारक्या वस्तूंत आहे. मागच्या उन्हाळ्यात आई आली होती सांगलीहून. ती सुती गाऊन घालूनच निघाली, गाऊन म्हणजे आपल्याकडचा राष्ट्रीय पोशाख, त्यावर टॉवेल टाकला की दूधवाल्यापासून साऊनापर्यंत कुठेही चालतं असं तिचं मत. आमचीच वेळ होती, आम्ही दोघीच, म्हटलं राहू दे. मंगळसूत्र काढ म्हटलं तर मात्र माझ्याकडे असं बघितलं की मी गप्पच बसले.

तर त्याचं असं होतं, सोनं छातीला टेकलेलं असेल तोवर फारसं काही होत नाही. पण माणूस जरा पुढे वाकला की वाट्या लोंबतात, हवेत तापतात, आणि सरळ बसलं की नेमका चटका. ज्या लाकडावर आपण निवांत बसतो तेही तेवढंच तापलेलं असतं, पण लाकूड उष्णता फार हळू सोडतं आणि सोनं त्याच्या हजार पटीहून वेगाने. आईला हे सांगायची गरजच पडली नाही, ती पायाला खाजवायला वाकली. "आई गं!" मग पुढचा सगळा वेळ वाट्या मुठीत धरून बसली पण काढलं नाही. जोडव्यांनी काही केलं नाही, ती खालच्या पायरीवर होती आणि खाली हवा पुष्कळ थंड असते.

हाच न्याय चष्म्याच्या धातूच्या फ्रेमला, केसांच्या पिनांना, ब्राच्या हुकांना. स्मार्टवॉच तर बाहेरच ठेवा, काहींची पुस्तिका ३५ अंशांच्या वर वापरू नका म्हणते आणि इथे सुरुवातच ७० ला. खोबरेल तेल चोपून येऊ नका, बाकावर डाग पडतो. स्लिपर दाराबाहेर काढायच्या, देवळासारख्या. डोक्याला मात्र काहीतरी हवं, कारण डोकं छताजवळ आणि सगळ्यात गरम हवा तिथेच. रशियात आणि एस्टोनियात त्यासाठी जाड लोकरीच्या टोप्या घालतात, लोकरीत हवा अडकून राहते म्हणून बाहेरची उष्णता आत पोचत नाही. आईने लगेच बॅगेतली कानटोपी काढली, पण ती अ‍ॅक्रिलिकची निघाली, ती कसली चालतीये.

बुडाखाली घ्यायला इथे लिननचा चौकोनी तुकडा मिळतो, छान चित्रं असतात त्यावर, किंमत बघून मात्र आपण तो परत रॅकवर ठेवतो. एकदा बायकांच्या वेळेला वरच्या मजल्यावरच्या आजीबाई आईशेजारी बसल्या होत्या, त्यांच्या खाली तो तुकडा, आईखाली सोलापूरचा टॉवेल, लग्नातल्या आहेरातला, धुऊन धुऊन मऊ झालेला. आजींनी बोटांत धरून बघितला, उलटा करून बघितला, फिनिशमधे काहीतरी म्हणाल्या. आईने मराठीत सांगितलं, चार धुण्यांनंतर चांगला होतो. दोघींचं छान चाललं होतं, मला मधे पडायची गरज वाटली नाही.

तेव्हापासून आईकडे ऑर्डरी लागल्यात, आमच्या इथल्या चार मराठी घरांच्या आणि त्या आजीबाईंची एक. टॉवेल नको, दीड हात लांबीचे सुती तुकडे, कडा दुमडून शिवलेले. परवा फोनवर विचारत होती, किनार कशी लावू, घरात पैठणीच्या काठाचं उरलंय. म्हटलं बाई, जरीची नको, साधी सुती लाव.