मेहरूणच्या काठावर पुन्हा

आज मेहरूण तलावावर गेले. अख्खी फेरी नाही जमली, पहिल्या बाकापर्यंतच; पण कुणाचा हात न धरता.

डाव्या पायाच्या फुगलेल्या शिरांवर लेझरनं छोटं ऑपरेशन झालंय. फळ्यापुढे उभं राहण्यातच शाळेतली सगळी नोकरी सरली. शिरांमधल्या झडपा कमजोर झाल्या की रक्त वर जाण्याऐवजी खालीच साठतं, पाय जड होतो, पोटरीत गोळे येतात.

मला वाटलं होतं, आता अंथरूण धरायचं. डॉक्टरांनी त्याच दिवशी चालायला लावलं! पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला रक्त हृदयाकडे ढकलतो. पडून राहिलं तर गुठळीची भीती.

घट्ट मोजे मात्र घालावेच लागतात. म्हणून थंडीतच ऑपरेशन उरकलं, जळगावच्या मे महिन्यात ते सोसलं नसतं. सकाळी सून माझ्या पायाशी बसते, "आई, पाय सैल सोडा" म्हणते आणि टाचेपासून एकही सुरकुती न पडू देता मोजा वर सरकवते. मग तिची ऑफिसची धावपळ. किती जपते ही पोर! तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

बाकावर एक आजी भेटल्या. "हयूहयू चाल माय," म्हणाल्या, म्हणजे हळूहळू चाल.

शाळेतल्या मैत्रिणींनो, संध्याकाळी पाय सुजत असतील तर दाखवून घ्या. आणि शेतातल्या भरीत पार्टीला मला धरा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला बसणार नाही, पण कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या खायला येतेय.